‘पुश’ म्हणजे ढकला, एवढंच? दारावरच्या पाटीपासून पुढे ढकललेल्या मीटिंगपर्यंत

सांगलीतल्या एका बँकेत पासबुक छापायच्या मशीनपुढं रांग होती आणि रांगेचं शेपूट काचेच्या दारापर्यंत आलं होतं. मी शेपटातच होते. करायला काही नव्हतं, म्हणून मोजत बसले. आत आलेल्या अकरा जणांपैकी सात जणांनी दार आधी ओढलं. दारावर इंग्रजीत वीतभर अक्षरात ‘पुश’ लिहिलेलं होतं. सातवे होते एक टोपीवाले काका. त्यांनी मूठ दोन्ही हातांनी धरून असा हिसका दिला की वरची बिजागरी करकरली. आतून वॉचमन ओरडला, “ओढताय काय काका, ढकला की!” काका आत आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “मग तसं लिवा की मराठीत. आन् ढकलायचंय तर धरायला मूठ कशापायी लावलीया?”

काकांचं दोन्ही बाबतीत बरोबर होतं. उभी मूठ दिसली की हात आपोआप ओढतो. ढकलायच्या दाराला सपाट पत्रा लावला तर पाटी वाचायचीही गरज पडत नाही. असल्या फसव्या दारांना इंग्रजीत ‘नॉर्मन डोअर’ म्हणतात. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकानं अशा वस्तूंवर बरंच लिहिलंय, त्यांच्यावरून हे नाव पडलं.

मी विश्रामबागला संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. वर्गात हळदीच्या पेढीवरचा हिशेबनीस असतो, मिरजेच्या दवाखान्यातली नर्स असते, कुपवाडच्या एमआयडीसीतला फिटर असतो. ‘पुश’ सगळ्यांना येतो असं सगळ्यांनाच वाटतं, आणि मी गेली काही वर्षं या एका शब्दावर पुरता आठवडा घालवते. तो आठवडा कसा घालवायचा ते पुढं सांगते. वही घ्या, एक पान पुरेल.

पहिली पायरी: आधी तोंड नीट करा

उच्चार ‘पुश’. ऱ्हस्व उकार, ओठ गोल पण सैल. ‘पूश’ नाही, आणि ‘पश’ तर नाहीच. घोळ होतो तो स्पेलिंगमुळं. ‘रश’, ‘ब्रश’, ‘क्रश’ यांत तेच अक्षर ‘अ’सारखं वाचायचं असतं, म्हणून काही हुशार पोरं नियम लावून ‘पश’ म्हणतात. नियम लावू नका. ‘पुश, पुट, पुल, फुल, बुल, बुश’ हे सहा एका दमात दहा वेळा म्हणा. मग ‘रश, ब्रश, क्रश, हश’ हे चार वेगळ्या दमात. दोन्ही टोळ्या एकत्र म्हणू नका, जीभ फसते.

भूतकाळाचं रूप लिहिताना शेवटी ‘डी’ येतो, पण ऐकू येतो ‘ट’: ‘पुश्ट’. ‘पुशेड’ म्हणणारे मला दर बॅचला दोन तरी भेटतात. ‘ही पुशेस’ यातला शेवट ‘इझ’सारखा, जरा गुणगुणता.

आणि ‘श’ सांभाळा. आमच्याकडं ‘श’चा ‘स’ सहज होतो. एका दुकानदारानं रंगाऱ्याकडून दारावर देवनागरीत ‘पुश’ लिहून घेतलं, रंगाऱ्यानं लिहिलं ‘पुस’. दिवसभर येणारा-जाणारा विचारायचा, काय पुसू? त्याच दुकानदारानं पुढं माझ्या वर्गात पुश-पुल लक्षात ठेवायची युक्ती काढली. पुलमधला ‘ल’ म्हणजे लगत, दार आपल्या लगत आणायचं. पुशमधला ‘श’ म्हणजे शेजारी, दार पलीकडच्या शेजाऱ्याच्या अंगावर घालायचं. युक्ती येडपट आहे, पण मी स्वतः ती वापरते.

दुसरी पायरी: मराठीत कोणतं क्रियापद बसतंय ते विचारा

इंग्रजीनं एका शब्दात जे काम उरकलंय त्याला आपल्याकडं निदान सहा-सात शब्द आहेत. म्हणून ‘पुश म्हणजे ढकलणे’ एवढंच पाठ केलं की पुढच्या वळणावर गाडी अडते. वहीच्या पानावर मधोमध ‘पुश’ लिहा आणि भोवती आपले शब्द लिहीत चला.

हातगाडी ‘ढकलतो’. केर सुपलीत ‘लोटतो’, दारही हलकेच ‘लोटून घेतो’. ताट बाजूला ‘सारतो’. लिफ्टचं बटण ‘दाबतो’. गर्दीत वाट काढताना ‘रेटतो’. पिशवीत कपडे ‘कोंबतो’. सगळ्यांना इंग्रजीत ‘पुश’ चालतो, फक्त पुढचे शब्द बदलतात. उलटीकडून बघा म्हणजे आपल्या भाषेची ऐट कळेल: ‘लोटणे’त वस्तू हलकी किंवा सरकती असते, ‘रेटणे’त समोरून विरोध असतो, ‘सारणे’त वस्तू टेकलेलीच राहते आणि जोर नावाला. हा सगळा तपशील मराठी क्रियापदातच भरते. इंग्रजी तो बाहेर ठेवते, म्हणजे ‘जेंटली’, ‘हार्ड’, ‘असाइड’ असे शब्द जोडून.

इथं वर्गात हमखास प्रश्न येतो: “मॅडम, बटणाला पुश की प्रेस?” दोन्ही चालतं. पण ‘प्रेस’मध्ये वस्तू जागेवरच राहते, दाब तेवढा पडतो. ‘पुश’मध्ये ती हलावी अशी अपेक्षा असते. बटण आत जातं म्हणून त्याला दोन्ही लागू. कपाट दाबून हलत नाही, तिथं ‘प्रेस’ म्हणून चालणार नाही. आणि फोनच्या काचेवरच्या बटणाला आता ‘टॅप’ म्हणतात, कारण तिथं आत जाणारं काही उरलेलंच नाही.

शब्दाचं मूळही या ठिकाणी उपयोगी पडतं. ‘पुश’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ठोकणे, आपटणे, ढकलणे. त्याच घरातला दुसरा शब्द ‘पल्स’, म्हणजे आपली नाडी. नाडी म्हणजे रक्ताचा धक्काच की. हे सांगितलं तेव्हा मिरजेच्या नर्सबाई पहिल्यांदा वहीतून मान वर काढून हसल्या.

तिसरी पायरी: ढकलून काय झालं, तेही त्याच वाक्यात सांगा

व्याकरणात हात घालायचा तर इथं घाला, कारण आपली माणसं नेमकी इथंच अर्धं वाक्य बोलून थांबतात. मराठीत आपण दोन क्रियापदं लावतो: ‘दार ढकलून उघडलं’. इंग्रजीत एकच: ‘ही पुश्ट द डोअर ओपन’. तो शेवटचा ‘ओपन’ म्हणजे निकाल. आधी कृती, मग वस्तू, मग निकाल, असा हा साचा.

‘ही पुश्ट द डोअर शट’: ढकलून लावलं. ‘शी पुश्ट द टेबल अगेन्स्ट द वॉल’: टेबल सारून भिंतीला लावलं. ‘दे पुश्ट द बोट इंटू द वॉटर’: नाव पाण्यात लोटली. नुसतं ‘ही पुश्ट द डोअर’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, मग उघडलं का? ते बंदही राहिलं असेल, त्या वाक्यातून काही कळत नाही.

रात्री घरी गेल्यावर पाच कामं अशी सांगून बघा. पाट भिंतीकडं सारला, खिडकी ढकलून बंद केली, सायकल घाटावर रेटत नेली, मांजराला ओट्यावरून खाली लोटलं, गादीखाली पाकीट सरकवलं. मांजर आणि गादी दोन्हीकडं ‘पुश’ आहे. मांजराला ‘ऑफ द ओटा’, पाकिटाला ‘अंडर द मॅट्रेस’. ओट्याला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, काम ‘ऑफ’चं आहे.

अजून एक बारीक भेद. ‘पुश द वॉल’ आणि ‘पुश अगेन्स्ट द वॉल’. दुसऱ्यात भिंत हलणार नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे, तो नुसता रेटा देतोय.

चौथी पायरी: मागचा शेपटीशब्द, आणि वेळेची भानगड

‘पुश’ला ‘बॅक’, ‘फॉर’, ‘थ्रू’, ‘ऑन’, ‘इन’, ‘अराउंड’, ‘ऑफ’ अशी शेपटं लागतात आणि प्रत्येक शेपटीसरशी अर्थ कूस बदलतो. सगळी पाठ करू नका, वापरात येणारी धरा. पण ‘पुश बॅक’ आधी शिका, कारण त्यानं माणसाचा अख्खा दिवस जातो.

माझा एक विद्यार्थी तासगावकडं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. पुण्याच्या गिऱ्हाइकाची मीटिंग अकराला ठरलेली. आदल्या रात्री ईमेल आला की मीटिंग दोन तासांनी ‘पुश्ट बॅक’ झालीय. यानं ‘बॅक’चं मराठी केलं ‘मागं’, अकरातून दोन मागं घेतले, आणि सकाळी नऊला पुण्यात हजर. त्यासाठी घरून पहाटे तीनला निघाला होता. मीटिंग होती दुपारी एकला. चार तास वॉचमनच्या खुर्चीशेजारी शेंगा खात काढले. “शेंगा चांगल्या होत्या मॅडम,” एवढंच म्हणाला.

चूक त्याची एकट्याची नाही, दोन भाषांमधली चित्रंच वेगळी आहेत. आपण कार्यक्रम ‘पुढे ढकलतो’. वेळ म्हणजे पुढं जाणारी वाट, लांबची तारीख पुढच्या मुक्कामाला. इंग्रजीच्या चित्रात मीटिंग समोरून आपल्याकडं चालत येतेय आणि तिला हातानं मागं रेटलं. मागं म्हणजे आपल्यापासून लांब, म्हणजेच उशिरा. तेव्हा ‘पुश बॅक’ म्हणजे चक्क आपलं ‘पुढे ढकलणे’. हे वहीत चौकट करून लिहा.

उलट बाजू अशी. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडं आणणे, लवकर घेणे. आपल्या कानाला ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढं, म्हणून तिथंही उलटं कळतं. ‘मूव्ह फॉरवर्ड’वर तर खुद्द इंग्रज लोकांचंही एकमत नाही. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली तर ती सोमवारी की शुक्रवारी, असं विचारलं की निम्मे इकडं, निम्मे तिकडं. भाषेच्या अभ्यासकांनी हा प्रश्न लोकांना विचारून पाहिलेला आहे. म्हणून तो शब्द टाळा. आपल्याकडचा ‘प्रीपोन’ भारतात सगळ्यांना कळतो, बाहेर कळेलच असं नाही.

व्यवहारात मी एकच सवय लावते: शेपटीशब्द वापरला तरी पुढं वार, तारीख आणि घड्याळ लिहायचंच. ‘पुश्ट बॅक टू वन पीएम, वेन्सडे’. ‘टू’ आणि ‘बाय’ही बघून घ्या. ‘बाय टू अवर्स’ म्हणजे दोन तासांनी, ‘टू टू ओक्लॉक’ म्हणजे दोन वाजता. मीटिंग दुपारी बाराची असली तर दोन्हीचं उत्तर योगायोगानं एकच येतं आणि माणूस गाफील राहतो.

‘पुश बॅक’चा दुसरा अर्थ ऑफिसात रोज कानावर पडतो: नकार देणे, मुद्दा परतवणे. साहेबानं अशक्य मुदत दिली आणि तुम्ही सभ्यपणे ‘एवढ्यात होणार नाही’ म्हणालात की ते ‘पुशिंग बॅक’. जोडून लिहिलेलं नाम ‘पुशबॅक’ म्हणजे असा विरोध. आणि बसमधली ‘पुशबॅक’ सीट ती पाठ टेकून मागं जाणारी, तिच्यात विरोध फक्त मागच्या सीटवरच्याचा असतो.

बाकीची शेपटं उरकते. ‘पुश फॉर’ म्हणजे मागणी लावून धरणे: पाण्याच्या आवर्तनासाठी गावानं ‘पुश फॉर’ केलं. ‘पुश थ्रू’ म्हणजे विरोध असताना रेटून नेणे, विधानसभेतल्या विधेयकाच्या बातम्यांत हटकून येणारा शब्द. ‘पुश ऑन’ म्हणजे दमलं तरी चालत राहणे. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर आज्जीबाई करतात ते. ‘पुश इन’ म्हणजे रांगेत घुसणे. ‘पुश अप प्रायसेस’ म्हणजे भाव चढवणे. ‘पुश अराउंड’ म्हणजे दादागिरी करणे, इथं अंगाला हात लागलेला नसतो. ‘पुश ऑफ’ म्हणजे फूट इथून, आणि तो शब्द पोरांनी सगळ्यात आधी शिकलेला असतो.

पाचवी पायरी: माणसाला पुश

माणूस कर्म असला की अर्थ शरीराचा आहे की मनाचा, हे पुढच्या शब्दावरून कळतं. ‘माय मदर पुश्ट मी टू अप्लाय’: आईनं मागं लागून अर्ज भरायला लावला. ‘टू’ आणि त्यापुढं क्रियापद आलं की तो आग्रह असतो. ‘पुश्ट मी इंटू द पॉन्ड’ असेल तर गणपती घाटावर कपडे पिळत बसायचं.

या अर्थात इंग्रजीत थोडी तक्रार लपलेली असते. ‘डोन्ट पुश मी’ म्हणजे जास्त ताणू नका. ‘पुशी’ म्हणजे गळेपडू, आक्रमक. कौतुक म्हणून कुणाला म्हणू नका. बायोडेटात ‘आय अॅम अ पुशी पर्सन’ असं मी वाचलंय. त्या मुलाला ‘सेल्फ-ड्रिव्हन’ म्हणायचं होतं. ‘पुशओव्हर’ म्हणजे कुणीही वाकवावा असा माणूस. आणि ‘पुशर’ शक्यतो उच्चारूच नका, सोबत काही सांगितलं नाही तर ऐकणारा त्याचा अर्थ अमली पदार्थ विकणारा असाच घेतो. एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह वर्गात स्वतःची ओळख करून देताना अभिमानानं म्हणाले, “आय अॅम अ गुड पुशर ऑफ मेडिसिन्स.”

सगळ्यात मोठी गंमत वशिल्याची. आपण म्हणतो, ‘वरून जरा पुश मिळाला म्हणून काम झालं’. इंग्रजीत वशिल्याला, वजनाला ‘पुल’ म्हणतात: ‘ही हॅज पुल इन दॅट ऑफिस’. आपल्याला वशिला मागून ढकलतो, त्यांना वरून ओढतो. फाईल दोन्हीकडं सरकते.

वयाचाही एक वापर आहे. ‘ही इज पुशिंग फिफ्टी’ म्हणजे पन्नाशीला टेकलाय. पन्नाशी ओलांडलेल्याला तो लागत नाही. बाईमाणसाच्या तोंडावर म्हणू नका, व्याकरण बरोबर असलं तरी.

सहावी पायरी: जिथं ‘पुश’ घालायचाच नाही

‘ढकल’ दिसला की ‘पुश’ टाकायचा, ही सवय मोडायला हा भाग आहे. ‘ढकलपास’ला ‘पुश पास’ म्हणतात असं निम्म्या वर्गाला वाटतं. तसा शब्द इंग्रजीत नाही. ‘पासिंग मार्क नव्हते तरी वरच्या वर्गात घातलं’ असं सरळ सांगा, ‘प्रमोटेड विदाउट पासिंग’. ‘कसेबसे दिवस ढकलतोय’ याला ‘जस्ट गेटिंग बाय’. ‘त्यांच्यात नुसती ढकलाढकली चाललीय’ यात कुणी अंगाला हात लावत नसतो, जबाबदारी टाळत असतात. तिथं ‘पासिंग द बक’. जबाबदारी नेमकी एकावर ढकलली असेल तर मात्र ‘पुश्ट द ब्लेम ऑन टू हिम’ चालतं.

‘बातमी ऐकून धक्का बसला’ याला ‘शॉक’. ‘आय गॉट अ पुश’ म्हटलं तर समोरचा विचारेल, कुणी ढकललं? आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्याचा तर ढकलण्याशी संबंधच नाही, तो बोटी लागायचा धक्का. हे विचारणारा विद्यार्थी दर बॅचला एक असतोच आणि त्याला उत्तर आधीच माहीत असतं.

सातवी पायरी: भाऊबंद

‘शव्ह’ हा ‘पुश’चा धसमुसळा भाऊ. त्यात काळजी नसते. ‘शव्हेल’ म्हणजे फावडं, त्याच कुळातला. कागद खणात ‘शव्ह’ केले म्हणजे कोंबले. ‘व्हेन पुश कम्स टू शव्ह’ म्हणजे अगदीच गळ्याशी आलं तर. ‘नज’ म्हणजे कोपरानं हळूच ढोसणं. आपल्या ‘कोपरखळी’त टोमणा आहे, ‘नज’मध्ये तो नाही, त्यामुळं कोपरखळीचं भाषांतर ‘नज’ करू नका. लोकांना सक्ती न करता हलकेच योग्य निवडीकडं वळवायचं, या विचारालाही ‘नज’ म्हणतात. त्यावर काम करणारे रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘थ्रस्ट’ म्हणजे एकदम जोरानं खुपसणं, आणि रॉकेटच्या मागून निघणारा तो रेटाही ‘थ्रस्ट’च.

गर्दीचे शब्द मात्र सावकाश शिका. ‘जॉसल’ म्हणजे गर्दीतली रेटारेटी, खांद्याला खांदा. ‘क्रश’ म्हणजे चेंगराचेंगरी. मागच्याला वाटतं आपण थोडंसंच ढकलतोय, पुढच्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ ला जे झालं ते आमच्या भागात अजून आवाज खाली करून बोलतात. इंग्लंडमध्ये संडरलंड गावी १८८३ साली व्हिक्टोरिया हॉलच्या जिन्यात १८३ मुलं अशीच गेली. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि एकच मूल जाईल एवढं किलकिलं ठेवून बोल्ट लावलेला होता. करमणुकीच्या सार्वजनिक जागांना बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या दारांची सक्ती आणि त्यांच्यावरचा आडवा ‘पुश बार’ हे त्यानंतरचे. थिएटरच्या आपत्कालीन दारावर तो दांडा दिसेल. त्याला हातही लागत नाही, अंगाचा भार पडला की दार बाहेर उघडतं. तिथं मराठी पाटी लावायची झाली तर मी ‘ढकला’पेक्षा ‘दांड्यावर रेटा’ लिहीन.

धंद्याधंद्यातला पुश

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ काढलं तेव्हापासूनची ती ओळख. त्यामुळं माझ्या वर्गात नर्स कायम असतात. त्यांच्यापुरते दोन ‘पुश’ महत्त्वाचे. बाळंतपणाच्या खोलीत ‘पुश’ म्हणजे कळ आली की खाली जोर करणे. ‘डोन्ट पुश येट’ म्हणजे अजून जोर लावू नका, पिशवीचं तोंड पुरतं उघडलेलं नाही. तिथं ‘ढकला’ म्हणणारी नर्स मी ऐकलेली नाही. ‘कळ आली की जोर लाव बाळा’ असंच म्हणतात. दुसरा ‘आयव्ही पुश’: औषध सलाईनमधून थेंबाथेंबानं न देता सिरिंजनं थेट शिरेत देणं. आता ‘स्लो पुश’ नीट ऐका. किती मिनिटांत द्यायचं ते औषधागणिक वेगळं असतं आणि ‘पुश’ या शब्दावरून घाई सुचली तर घात होतो. परदेशी मुलाखतीत हे वाक्य पूर्ण बोलायची मी सवय करून घेते: औषध, मात्रा, किती मिनिटांत.

तालमीतल्या पोरांसाठी: ‘पुश-अप’ म्हणजे जोर, पण आपला जोर नाही. साध्या पुश-अपमध्ये अंग फळीसारखं सरळ खाली-वर होतं. कुंडलच्या मैदानात उतरणारे मल्ल मारतात तो जोर कमरेतून वर उचललेला, मग छाती जमिनीलगत पुढं घसरत नेऊन मान वर. इंग्रजीत त्याला ‘हिंदू पुश-अप’ किंवा सरळ ‘दंड’ म्हणतात.

क्रिकेटच्या समालोचनात ‘पुश्ट इंटू द कव्हर्स फॉर अ सिंगल’ म्हणजे फटका नाही, चेंडू नुसता सारला. मोबाईलवरची ‘पुश नोटिफिकेशन’ म्हणजे तुम्ही न मागता सर्व्हरनं तुमच्याकडं लोटलेली सूचना. आयफोनवर ती २००९ साली आली, आणि सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, तेवढं आजच करा. रेल्वेत ‘पुश-पुल’ म्हणजे पुढं एक इंजिन ओढायला, मागं एक ढकलायला. २०२३ साली सुरू झालेल्या अमृत भारत एक्स्प्रेसला तशी दोन इंजिनं आहेत. कर्जतहून लोणावळ्याचा घाट चढताना गाडीला मागून जोडतात ती ‘बँकर’ इंजिनं पाहिलेल्यांना हे लगेच कळतं.

सरावाला एक गाडी

शेवटचा धडा मी ‘पुश स्टार्ट’वर घेते, कारण तो एक शब्द दोन उलट गोष्टींना आहे. नव्या गाडीत तो किल्लीऐवजीचा बटण. जुन्या गाडीत तो धक्का स्टार्ट. आमच्या घरी नवी गाडी घेताना शोरूमच्या मुलानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, “काका, हिला पुश स्टार्ट आहे.” सासरे तिथंच थबकले. म्हणाले, “एवढे लाख घेऊन वर धक्का आम्हीच मारायचा?”

धक्का स्टार्टचा क्रम इंग्रजीत बोलता आला की वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्याच असं मी धरते, म्हणून कृती नीट समजून घ्या. बॅटरी उतरलेली, गाडी हाताच्या गियरची असली तरच. ऑटोमॅटिकला हे चालत नाही. किल्ली चालू करा. दुसरा गियर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा. मागून दोघांनी गाडी ढकलायची, शक्यतो उताराकडं, आणि डिकीच्या कडेला नाही तर सपाट पत्र्यावर पंजे पसरून. चालण्यापेक्षा जरा जास्त वेग आला की क्लच झटकन सोडा. इंजिन धरलं की लगेच पुन्हा क्लच दाबा, नाहीतर गाडी हिसका खाऊन बंद पडेल. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी असल्यास यातलं काहीही करू नका. इंजिनात पाणी गेलेलं असतं, धक्का दिला की आतला पिस्टनचा दांडा वाकतो. २०१९ च्या पुरानंतर आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकचा घसा हेच सांगून बसला होता.

आता हे दहा ओळीत, इंग्रजीत, फोनवर रेकॉर्ड करा. क्लचला ‘पुश डाउन’ किंवा ‘प्रेस’, गाडीला ‘पुश’, सोडायला ‘रिलीज’, आणि मागच्या दोघांना ओरडून सांगायचं ते ‘पुश हार्डर’. माझ्या फिटरनं पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं बरोबर म्हटलं, फक्त शेवटी गाडी सुरू झाल्यावर आनंदाच्या भरात ओरडला, “पुल! पुल!” मागचे दोघे खरोखर ओढायला लागले असते तर काय, हे त्यानं स्वतःच वहीत चित्र काढून दाखवलं.